लुगड्यातला पहिलवान

शेंगदाण्याचं लाल टरफल मिशीत अडकलं होतं, ते काढता काढता रुपरावांचा हात थबकला – टीव्हीवरचा तो दांडगा जपानी पोरगा अंगावर गार पाणी पडताच पुन्हा मुलगी झाला होता आणि त्याच रागानं समोरच्या पहिलवानाला आडवं करत होता. रुपराव पोट धरधरून हसले. त्यांच्या लेकीला, मिनलला, ही जुनी कार्टून मालिका कॉलेजपासून आवडायची. धरमपेठेतल्या तिच्या घरी रविवारची दुपार अशीच जायची.

"मुलगी झाला तरी तो तोच राहतो, बाबा," ती म्हणाली. "बदलतात ते बघणाऱ्यांचे चेहरे."

चेहरे... खापा गावी, दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत, लाकडी फळ्यांवर दाटीनं बसलेले. सकाळी आखाड्याची माती अंगाला लावणारे सतरा वर्षांचे रुपराव दुपारी हिरवं लुगडं नेसून खडी गंमतीच्या खेळात बाई म्हणून उभे राहत आणि पदर ओढायला आलेल्या सोंगाड्याला धोबीपछाड घालत – तेव्हा उसळणारं हसू कधी टोचलं नाही, उलट दिवसभर ताठ धरलेली मान कुणी हळूच सैल सोडावी तसं अंग हलकं व्हायचं... मग लग्न ठरलं. सासऱ्यांनी अट घातली, लुगडं सुटलं. पुढं सगळी नोकरी त्यांनी शाळेच्या मैदानावर पोरांना 'सावधान' म्हणत काढली. 'विश्राम' म्हणताना स्वतः मात्र ताठच.

"मीपण बाई होत होतो," ते बोलून गेले.

मिनलनं मालिका थांबवली. "दाखवा ना!"

"काहीतरीच..." म्हणेपर्यंत ते उठलेही होते, गुडघा कुरकुरला, पण मनगट आपसूक वळलं, मान तिरपी झाली – आणि दारात चहा घेऊन त्यांची बायको, इंदुताई.

रुपराव चोरी पकडल्यासारखे खिळले.

"थांबले काहून जी?" इंदुताईंनी विचारलं.

"तुह्या बाबाले चालत नव्हतं ना वं."

"बाबाले चालत नव्हतं. मले कोणी इचारलं?" त्यांनी कप खाली ठेवले. "मंडईत पाह्यलं होतं मी तुमाले. म्हणून तर लग्नाले हो म्हटलं."

इतकी वर्षं हिच्यापासून लपवलेलं हिच्याकडेच होतं – तर मग मी लपवत काय होतो? सासऱ्यांचा राग यावा की हिच्या गप्प राहण्याचा... रुपरावांनी लाज शोधली, नेहमीची, सवयीची. ती सापडेना, आणि तिच्याशिवाय कसं उभं राहायचं तेही आठवेना. इंदुताई खुर्ची ओढून समोर बसल्या होत्या. बघत होत्या.