आधीचा घास

उन्हाळ्याच्या तोंडावर सकाळचं कोवळं ऊन वसतिगृहाच्या मागल्या दाराशी येऊन थबकायचं, आणि त्या उन्हात उभी राहून काशव्वा डोळे मिटून काहीतरी चावत असायची. तिच्या चावण्याला घाई नव्हती. गालाचं उंच हाड संथपणे वरखाली व्हायचं, बिनकुंकवाच्या कपाळावरचं हिरवं गोंदण आक्रसायचं आणि सैल व्हायचं. गिरणीचा भोंगा होऊन जाई, रस्त्यावरचा सायकलींचा लोंढा ओसरून जाई, तरी तिचा एक घास संपत नसे. खाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर काही ना काही सुख उमटतं. हिच्या चेहऱ्यावर मात्र दूरचं काही ऐकू यावं म्हणून कान देणाऱ्या बाईची सावध उदासी असायची. हातात तिची स्वतःची पितळी वाटी, काठाला पोचा पडलेली.

मी तेव्हा सोलापुरात नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते आणि मुलींच्या त्या वसतिगृहातच मला एक खोली मिळाली होती. माझ्या खिडकीतून ते मागलं दार दिसायचं. बहात्तरच्या दुष्काळाने माणदेशापासून मंगळवेढ्यापर्यंतची शिवारं भाजून काढली होती. आईबाप दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेले, की पोरींना कुणी मामाकडे ठेवी, कुणी आमच्या दारात आणून सोडी. सोडून जाताना बाप मागे वळून बघत नसत. वळले असते तर पाय निघाले नसते. त्या पोरींचं सगळं स्वयंपाकघर एकट्या काशव्वाच्या हातात होतं. अक्कलकोटच्या पलीकडच्या कुठल्याशा खेड्यातून ती आलेली. नवरा नाही, मूल नाही, बोलणं निम्मं कानडी आणि तेही मोजकं.

वसतिगृह दानावर चालायचं, आणि दान म्हटलं की आप्पा आठवतात. आप्पा भुसार पेठेतले मोठे अडते. वाणी गोड, कपाळ रुंद, आणि मन किती मोठं ते त्यांनीच पोत्यांवर रंगवून घेतलेलं: प्रत्येक पोत्यावर त्यांच्या दिवंगत आईचं नाव. त्या आईनं हयातीत इतकं सडकं धान्य पाहिलंही नसेल. भाव चढेल म्हणून माल कोठारात दाबून ठेवायचा, चढला तरी आणखी चढेल म्हणून थांबायचं, आणि या थांबण्यात त्याला जाळ्या धरल्या, कीड लागली, ओल चढली की मग आप्पांना एकदम अनाथांचा कळवळा यायचा. उकिरड्यावर टाकलं तर साठेबाज म्हणून लोक तोंडात शेण घालतील. वसतिगृहात टाकलं की धर्मात्मा. दुधाच्या पावडरीचे परदेशी डबे आले तेव्हा ‘सप्रेम भेट’ची चिठ्ठी नेमकी मुदतीच्या तारखेवर चिकटवलेली होती. मी ओल्या बोटानं एक चिठ्ठी सोलली आणि पुन्हा चिकटवून ठेवली. दानाच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. ही म्हण नक्की कुणा दात्यानंच काढली असणार.

काशव्वानं मात्र त्या गाईचे दात मोजायचं ठरवलं होतं, आणि तेही स्वतःच्या दातांनी. आप्पांकडून काहीही आलं, की त्यातलं थोडं ती आदल्या वेळेला स्वतःपुरतं शिजवी, पळीनं आपल्या वाटीत घेई, मागल्या दाराशी जाऊन खाई, आणि मग दिवसभर काम करता करता आपल्या पोटाकडे लक्ष ठेवी. संध्याकाळपर्यंत पोटानं कुरकुर केली नाही, तर ते पोरींच्या ताटात. घासच कडू लागला, तर ती तो अंगणाच्या कडेला थुंकून टाकी आणि ‘ब्याड’ म्हणे. ब्याड म्हणजे नको. मग ते पीठ गुपचूप नाहीसं होई आणि पोतं उंदरांनी फाडलं, अशी वर्दी संस्थेच्या चिटणिसांकडे जाई. आमच्याकडे त्या वर्षी उंदीर फार झाले होते.

तिची काया त्या दिवसांत हळूहळू वाळत चालली होती. पोट धरून चुलीपुढे बसलेली मी तिला पाहिली आहे. ज्वाळेच्या उजेडात तिचा चेहरा तांब्यासारखा चमके आणि घामाची एक रेघ कानशिलावरून उतरून जाई. पण भाकरी थापणाऱ्या हातांचा ठेका तसूभरही चुकत नसे. एकदा मी सुंठेचा काढा नेऊन दिला. “आज तुमच्या पोटानं काय निकाल दिला?” असं हसत विचारलं. ती वाटी बाजूला सारून म्हणाली, “लई वंगाळ हाय पीठ. पर सांगू नगा कुणाला, बाई. माजं पोट हाय, मी बगून घीन.”

पोरींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना दिसायचं ते एवढंच, की आपल्याला मिळायच्या आधी ही बाई मागल्या दाराशी खात असते. भुकेल्या लहान मुलाइतका कडक न्यायाधीश नसतो. त्यांनी तिचं नाव ‘आधाशी’ ठेवलं होतं. चौथीतली सुमन तर तिच्या चावण्याची अशी हुबेहूब नक्कल करायची, डोळे मिटून, गाल हलवून, की सगळ्या जणी हसून लोळत. काशव्वाला ते माहीत होतं. ती सुमनच्या ताटात जरा जास्तच आमटी वाढायची, आणि सुमनला वाटायचं, आपण तिला बरोब्बर ओळखलंय म्हणून ती घाबरते.

आणि मग आप्पांच्या आईची पुण्यतिथी आली.

त्या दिवशी पोरींना शिरा मिळणार होता. सोलापूरच्या त्या होरपळलेल्या, धुळकट, पाण्यासाठी हंड्यांच्या रांगा लावणाऱ्या दिवसांत ‘शिरा’ हा शब्दच केवढा ओला वाटायचा! पोरी पहाटेपासून जाग्या. वेण्या घातलेल्या, पाटाला पाट लावून मांडलेले, भिंतीशी आप्पांच्या मातुःश्रींची तसबीर आणि तिला झेंडूची माळ. आधी तसबिरीला नैवेद्य, मग पंगत, आणि शेवटी पोरींनी एका सुरात ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणायचं, असा शिरस्ता. आप्पांना ते समोर बसून ऐकायला आवडे. एरवी सामान आदल्या दिवशी यायचं. या वेळी रवा आणि तुपाचा डबा त्याच सकाळी आला, म्हणजे काशव्वाला तिची ती एका वेळेची मुदत मिळालीच नाही. तिनं रवा भाजला, साखर घातली, तूप सोडलं. घरभर वास सुटला. मला तो चांगलाच वाटला. शिक्षिकेच्या नाकाला वेलदोड्याने फसवणं काही अवघड नसतं.

तिनं पळीनं वाटीत थोडा शिरा घेतला आणि सवयीनं मागल्या दाराशी गेली. मी खिडकीत होते. तिनं घास तोंडात घातला, डोळे मिटले, आणि तिचं ते संथ चावणं मध्येच थांबलं. घास अंगणात पडला. “ब्याड,” ती म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली. पंगत मांडलेली, दाता दारात, आणि मोठ्या पातेल्यात शिरा वाफाळतोय. आता कुठले उंदीर आणायचे, हाच प्रश्न तिच्या चेहऱ्यावर होता.

तेवढ्यात आप्पा हात धुवायला मागल्या नळावर आले. त्यांनी तिच्या हातातली वाटी पाहिली, ओठाला लागलेला रवा पाहिला, आणि त्यांची ती गोड वाणी क्षणात फाटली.

“नैवेद्याच्या आधी खाल्लंस? माझ्या आईच्या नैवेद्याच्या आधी?”

चिटणीस धावत आले. पोरी दारात दाटल्या. काशव्वा उभी होती, ऊन तिच्या अर्ध्या अंगावर. तिच्यापुढे तेव्हा दोन वाटा होत्या, आणि त्या दोन्ही मला माझ्या खिडकीतून स्वच्छ दिसत होत्या. खरं सांगावं, तर आप्पांचा चारचौघांत अपमान, आणि उद्यापासून पीठ बंद. वाटीतलं चाखलं एवढंच कबूल करावं, तर वाटीपुरतं पाप तिला लागेल, आणि पातेल्यातला तो खवट, कडू शिरा नैवेद्य होऊन पोरींच्या पोटात जाईल. चिटणीस हळूच तिला वाट काढून देत होते, “वाटीत वेगळा काढून घेतला होतास ना, काशव्वा? पातेलं शुद्ध आहे ना?”

तिनं वाटी पायरीवर ठेवली. उजवा हात पुढे करून सगळ्यांना दाखवला.

“न्हाय. पातेल्यातनंच खाल्लं. ह्याच हातानं. दोनदा हात घातला,” ती म्हणाली. “भूक लागली व्हती, आप्पा.”

ज्या बाईनं जन्मात कधी शिजल्या अन्नात बोट बुडवलं नाही, पळीशिवाय मीठसुद्धा पाहिलं नाही, तिनं भर उजेडात सगळं पातेलं उष्टं करून टाकलं. उष्ट्याचा नैवेद्य होत नाही. आणि नैवेद्य झाला नाही, तर आप्पांच्या आईच्या नावानं पंगत बसणार नाही. हे आप्पांना जितकं पक्कं ठाऊक होतं, तितकंच काशव्वाला.

“ओतून टाका,” आप्पा म्हणाले.

पातेलं मागल्या अंगणात पालथं झालं. पोरी रडल्या. मोठ्यानं नाही, ज्यांना रडून काही मिळाल्याचा अनुभव नसतो ती मुलं आवाज न करता रडतात. सुमन रडली नाही. ती पुढे आली आणि काशव्वाच्या तोंडावर म्हणाली, “आधाशी! तुज्यामुळं गेलं सगळं!” काशव्वानं तिच्या डोक्यावरून हात फिरवायला उचलला आणि तसाच मागे घेतला. शेजारची एक शेळी त्या ढिगाशी आली, तिनं हुंगलं आणि ती निघून गेली. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

आप्पांना भूक क्षम्य वाटली. गरिबाच्या भुकेला क्षमा करणं हाही दानाचाच एक प्रकार, आणि तो फुकट होतो. मात्र चोरटी बाई संस्थेत नको, एवढं त्यांनी सुचवलं, आणि त्यांचं सुचवणं म्हणजे आमच्याकडे ठराव असे. मी चिटणिसांना गाठलं, सगळं सांगितलं, माझा आवाज चढला. त्यांनी चष्मा काढून पुसला. “मला ठाऊक नाही असं वाटतं का तुम्हाला? इतके उंदीर कुठे असतात हो?” ते म्हणाले. “पण पीठ यायला हवं.” त्या सज्जन माणसाचा मला आलेला राग अजून उतरलेला नाही. दुष्टाला निदान आपल्या दुष्टपणाची किंमत द्यावी लागते. सज्जन आपल्या भित्रेपणाची किंमत दुसऱ्याकडून वसूल करतात.

काशव्वा दुपारी निघाली. होटगीला तिचा भाऊ रेल्वेत गँगमन होता, त्याच्याकडे. मी तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेले. उन्हानं डांबर मऊ झालं होतं आणि तिच्या अनवाणी टाचा त्यात जराशा रुतत होत्या.

“खरं का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“खरं सांगितलं असतं तर आप्पाचा राग पिठावर निगाला असता. आता माज्यावर निगाला,” ती म्हणाली. “पोरी काय माज्यावर जगत्यात व्हय? पिठावर जगत्यात की.”

“मग मी पोरींना तरी सांगते.”

“नगा, बाई. सांगितलं तर उद्याची भाकर त्यांच्या नरड्याखाली उतरायची न्हाय. मला चोर म्हनू द्या. चोर म्हनून जेवत्याल तरी.”

तिनं पदर डोक्यावर ओढला आणि ती चालू लागली. मागे वळून पाहिलं नाही.

पीठ येत राहिलं. आईचं नाव रंगवलेली पोती येत राहिली. नवी स्वयंपाकीण तरुण होती, हसरी होती, आणि आधी कधीच खात नसे, म्हणून पोरींची लाडकी झाली. त्या पावसाळ्यात पोरींची पोटं सारखी बिघडत. डॉक्टर पाण्याला दोष देत, आणि पाणी बिचारं बोलू शकत नव्हतं. संध्याकाळच्या पंगतीनंतर तो कोवळा सूर उठायचा, ‘अन्नदाता सुखी भव’, आणि मी माझ्या खोलीचं दार लावून घ्यायचे. काशव्वा होटगीला फार दिवस जगली नाही, असं मला पुढे कळलं. पोटाचंच काही तरी झालं म्हणाले.

गेल्या वर्षी एका लग्नात सुमन भेटली. आता ती स्वतः आजी आहे, सुखात आहे, अंगानं भरली आहे. पोरींना घास घास तोलून जगवणारं कुणी होतं, याची ती भरलेली अंगकाठीच साक्ष देत होती, पण ती साक्ष वाचणारी एकटी मीच. भोवती नातवंडं जमवून ती त्या शिऱ्याची गोष्ट रंगवून सांगत होती. पातेल्यात दोन्ही हात घालून खाणारी आधाशी काशव्वा. दोनदा घातलेला हात एव्हाना दोन्ही हात झाला होता. मुलं खदखदत होती. मग मी सांगितलं. आता भाकरी नरड्याखाली न उतरण्याचं वय कुणाचंच नव्हतं. म्हणून सगळं सांगितलं, वाटीसकट, शेळीसकट.  सुमननं माझा हात प्रेमानं दाबला आणि ती म्हणाली, “बाई, तुम्हाला सगळी माणसं चांगलीच दिसतात.” आणि ती नातवंडांकडे वळून पुढची गोष्ट सांगू लागली.

माणसं जातात, त्यांचे आवाज विरतात, दुष्काळसुद्धा आठवणीत मऊ पडतो. काळ सगळ्यालाच शिळं करतो, एवढाच काय तो त्याचा न्याय. काशव्वावरचा आळ तेवढा अजून ताजा आहे.