रिपोर्ट येईपर्यंत

सिद्दीक पहिली पाळी करून कारेगावच्या खोलीवर आला, तेव्हा फरहत आयेशाला चमच्याने पाणी पाजत होती. दोन वर्षांच्या पोरीला सकाळपासून जुलाब होत होते. शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी ओआरएसची पाकिटं आणि प्लॅस्टिकच्या बारक्या कुप्यांतलं औषध दिलं होतं. एक कुपी फरहतने त्याच पाण्यात ओतली होती.

रिकामी कुपी उचलून सिद्दीकने नाव वाचलं. बॅसिलस.

तो दूध पावडरच्या कंपनीत नमुने घ्यायचा. तिथे या नावाची दहशत होती. बुटांच्या मातीतून आत शिरणारा जंतू. त्याचं बीज उकळत्या पाण्यातही टिकायचं. नमुन्यात सापडला की लाईन बंद, आणि रिपोर्ट येईपर्यंत आत थेंबही सोडायचा नाही.

"किती गेलं पोटात?"

"अर्धी वाटी. का?"

त्याने उरलेलं पाणी मोरीत ओतलं. "आता काही देऊ नको. पाणीसुद्धा नको. जिवंत जंतू आहेत हे, वाढतील."

कुपीचा फोटो त्याने डॉक्टरीणबाईंना पाठवला, खाली लिहिलं, 'हा आमच्या दुधाच्या टाकीत सापडला तर लाईन बंद करतात.' उत्तर येईना. आयेशा माठाकडे हात करून रडत राहिली. ऊन कलल्यावर ती गप्प झाली. सिद्दीकला वाटलं, आराम पडला. फरहत तिच्या सुकलेल्या ओठांकडे बघत होती. मग तिने घरमालकीण बयाबाईंना हाक मारून सगळं सांगितलं.

"मातीतला जंतू व्हय?" बयाबाई दारातूनच हसल्या. "आमची सात पिढ्यांची पोरं मेंढरांमागं मातीच खात वाढली की रं." मग त्यांनी आयेशाचे खोल गेलेले डोळे पाहिले आणि हसू थांबलं. "सिद्दीक, गाडी काढ."

हायवेवर कंटेनरमागे कंटेनर उभे होते. सिद्दीक मोटारसायकल कडेच्या खडीतून काढत होता. मागून फरहत सारखी म्हणत होती, "आयेशा, डोळे उघड."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी सावकाश खाली बसली; अंगातलं पाणी आटलं होतं.

"फोटो आत्ता बघितला. जंतू मातीतलाच आहे, पण हा तुमच्या टाकीत नको, हिच्या पोटात चालतो. जुलाबाला थोडी मदतच होते. शेवटचं पाणी कधी दिलं?"

सिद्दीकने फरहतकडे बघितलं.

"मी विचारतेय."

"तुमचं उत्तर येईपर्यंत बंद ठेवलं होतं."

नर्सला सलाईन तयार ठेवायला सांगून त्यांनी वाटीत ओआरएस ओतलं, त्यात नवी कुपी मोडली आणि वाटी सिद्दीकच्या हातात दिली.

"आधी तोंडाने बघू. तुम्हीच पाजा. लघवी झाली की सांगा."

पोरगी मांडीवर लुळी पडली होती. चमचा तिच्या दातांवर खडखडला. पहिलं पाणी ओठांवरून ओघळलं. दुसरं तिने गिळलं. फरहत मधूनमधून तिच्या चड्डीला हात लावायची, कोरडी. पुन्हा कोरडी. नर्सने सलाईनची बाटली स्टँडला अडकवली. सिद्दीक पाजत राहिला. वाटी संपली, दुसरी आली.

मग त्याच्या मांडीवर काहीतरी कोमट पसरलं. तो हलला नाही.

"फरहत," तो म्हणाला, "तू हात लावून बघ."