ब्याऐंशी किलोचा नवस

नीलम्माचं वजन लातूरच्या आडत बाजारात सगळ्यांना पाठ होतं. ब्याऐंशी किलो. नवरा वीरभद्र तुरीचा आडत्या. दर दसऱ्याला दुकानातल्या मोठ्या काट्याची पूजा झाली की घरातल्या एकेकानं त्यावर उभं राहायचं आणि हमालांच्या मुकादमानं, रामलिंगनं, पोत्याचा पुकारतात तसा आकडा पुकारायचा, ही घरची रीत.

ह्याच आकड्यावर तिच्या सासूनं, महादेवी अव्वांनी, नवस बोलला होता. नात मंजुश्री डॉक्टरकीच्या परीक्षेला बसली तेव्हा अव्वा गावाकडच्या महादेवापुढं म्हणाल्या, "पोरीचा नंबर लागू दे, शिवरात्रीला गूळ तोलून देते." तोलायचा कुणाच्या भारानं? खरं तर मंजुश्रीच्याच. पण पोरगी अभ्यासानं सुकून त्रेचाळीस किलोवर आलेली. तेवढ्याशा गुळात घराण्याची अब्रू काय राहणार? म्हणून अव्वांनी घरातलं सगळ्यात भरीव माणूस निवडलं. त्यात आडत्याच्या घरची बाई, मोघम बोलणं जमत न्हाई. "सुनेच्या भारानं" म्हणून थांबायचं, तर पुढं म्हणाल्या, "ब्याऐंशी किलो."

नंबर लागला. अव्वांनी गावात जाहीर करून टाकलं, भावकीची घरं ब्याऐंशी, घरटी गुळाची एक किलोची भेली.

मंजुश्रीला नांदेडच्या वसतिगृहात सोडायला नीलम्मा गेली. खोली तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर तिचा गुडघा जो अडला, तो हलेना. रेणुका नावाच्या वॉचमन बाईनं प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. नीलम्मा जिन्यातच बसली. गादी, बादली, पुस्तकं पोरीनं एकटीनं वर नेली आणि एक मजला वरून व्हिडिओ कॉल करून मम्मीला खोली दाखवली.

"ही खिडकी, मम्मी. हा पलंग."

"लई छान हाय," नीलम्मा म्हणाली, आणि फोन बंद करून पदरानं डोळे पुसले.

लातूरला येऊन ती थेट डॉक्टरीणबाईंकडं गेली. साखर काठावर निघाली.

"उपाशी मरायचं न्हाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पंधरा मिनिटांपासून चालायला लागा. मग हळूहळू वाढवा. गोड चहा बंद, अर्धं ताट भाजीनं भरा. पाच-सहा महिन्यांत आठ किलो उतरले तर हाच गुडघा तुम्हाला तीन मजले चढवंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नीलम्मा इरकल साडी आणि पांढरे बूट घालून गंजगोलाईच्या गोल बाजाराकडं निघाली. शंभर पावलंही झाली नसतील, तोच शेजारचा आडत्या मडिवाळप्पा स्कूटर घेऊन आडवा आला.

"वहिनी! भांडून निघालात का?"

"न्हाई वो. चालून राहिले."

"कुठं?"

"कुठंच न्हाई."

हे ऐकून मडिवाळप्पाचा चेहराच उतरला. सकाळी सहाला, एकटी बाई, कुठंच न्हाई चाललीय! त्यानं रस्त्यातच हात जोडले, "वहिनी, पोरीकडं बघा, जिवाचं काही करू नका," आणि चार माणसं जमायच्या आत तिला मागं बसवून घरी सोडलं. ती परत निघाली. ह्या वेळी एका ऑटोवाल्यानं ओळखलं आणि फुकटात घरी आणलं. तिसऱ्यांदा खुद्द वीरभद्र गाडी घेऊन आला, कारण त्याला बाजारातून एकवीस फोन आले होते.

"लोक काय म्हणून राहिलेत ठाऊक हाय का?" अव्वा दारातच उभ्या. "सासूनं सुनेला हाकललं म्हणून राहिलेत. बस झालं चालणं."

नीलम्मानं वाद घातला न्हाई. रात्रीच्या भाकरी थापून झाल्यावर तिनं बुटाच्या खोक्याचं झाकण घेतलं, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि सकाळी दोन सेफ्टी पिनांनी पाठीवर लावलं: "चालून राहिले. भांडण न्हाई. थांबवू नये."

त्या दिवशी तिला गोलाईचा पूर्ण फेरा मिळाला. पोहे खाणारे पोहे विसरून बघत राहिले. कोचिंग क्लासच्या पोरांनी फोटो काढले. नीलम्मानं मान वळवली न्हाई.

दसरा आला. काट्याला हार घातला, ऊद लावला. नीलम्मा उभी राहिली.

"एकोणऐंशी!" रामलिंगनं पुकारलं.

"काटा बिघडला," अव्वा म्हणाल्या.

रामलिंगला हे लागलं. त्यानं पन्नासचं मोजलेलं पोतं आणून ठेवलं. काट्यानं पन्नासच दाखवले. अव्वांनी सुनेला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं.

"अगं, मी देवाला ब्याऐंशी बोललेय! तू देवाचा माल कमी करून राहिलीस!"

"माल माझ्या अंगावर हाय, अव्वा."

"बोललेला हाय तो! शिवरात्रीपर्यंत भार सांभाळ. मग हवी तेवढी सुक."

"बोलताना मला विचारलं होतं का?" नीलम्मा काट्यावरूनच म्हणाली. "गुडघा माझा, साखर माझी. मला पोरीची खोली बघायचीय, आणि ती मी माझ्या पायानं बघणार."

अव्वांनी मुलाकडं पाहिलं. वीरभद्र म्हणाला, "दोघींचं बी बरोबर हाय," आणि नसलेल्या गिऱ्हाइकाला बोलावत बाहेर गेला.

मग घरात लढाई लागली. रोज पुरणाचे होळिगे. डाळीत गूळ. भाकरीच्या खालच्या अंगाला लपवून तूप. नीलम्मा भाकरी उलटी करून बघायची, तूप निपटायची आणि शांतपणे पालेभाजी वाढून घ्यायची. होळिगे दारातल्या गाईला. दोन महिन्यांत गाय ओळखू येईना. तिचा मालक येऊन विचारून गेला, तुमच्याकडं हिला काय घालता.

नीलम्मानं मंजुश्रीला फोन केला. "तू डॉक्टर हायस ना? आजीला समजाव."

"मम्मी, आम्हाला सध्या नुसती हाडं शिकवून राहिलेत. चरबी अजून लई लांब हाय."

चालणं पंधरा मिनिटांवरून पंचेचाळीसवर गेलं. संक्रांतीनंतर तिच्या मागं मडिवाळप्पाची बायको दिसायला लागली. तिच्याही पाठीवर पुठ्ठा: "मी पण."

शिवरात्रीला गावच्या देवळापुढं लाकडी तराजू टांगला. एका पारड्याजवळ ब्याऐंशी भेल्यांची रास, आकडा पुकारायला रामलिंग, भोवती भावकी. सकाळपासून अव्वांना सुनेची अचानक माया आली होती. त्यांनी स्वतः नीलम्माच्या निऱ्या नीट केल्या आणि ओटी भरून ती घट्ट गाठ मारून पदरात बांधली. "सोडू नकोस हं, बाई. ओटीसकट बसायचं."

नीलम्मा उठली तर पदर तिला खाली ओढून राहिला. नारळ एवढा जड?

ती पारड्यापाशी गेली आणि सगळ्यांसमोर गाठ सोडली. तांदूळ निघाले, खण निघाला, नारळ निघाला. मग दुकानातली लोखंडी वजनं निघाली. पाच किलो. दोन किलो. एक किलो. एकेक तिनं देवळाच्या फरशीवर ठेवलं. ठण्ण. ठण्ण. ठण्ण.

"अव्वा, देवाला लोखंड कशाला? त्याला दात हायेत का?"

भावकी फिदीफिदी हसली. अव्वा नंदीकडं बघत राहिल्या. नीलम्मा पारड्यात बसली. चौऱ्याहत्तर भेल्यांना तराजू बरोबर आडवा झाला. आठ भेल्या खाली उरल्या आणि हसणं तिथंच थांबलं.

"मग आठ घरं कोणती वगळायची?" एक चुलत सासरा म्हणाला. "आमचं न्हाई वगळायचं, आधीच सांगतो." दुसरा बाह्या सारून उभा राहिला.

"कुणाचंच न्हाई!" नीलम्मा पारड्यातूनच ओरडली. तराजू हलला. "हे आठ किलो बी माझेच हायेत. तेलाचे न्हाई, तुपाचे न्हाई, अंगचे. पाच महिने गोलाईला फेरे मारून उतरवलेत. बसून भार द्यायला काय लागतं? हे आठ चालून दिलेत. ते बी देवापुढं ठेवा. चौऱ्याहत्तर इथले, आठ रस्त्यावरचे. रामलिंग, पुकार!"

रामलिंगनं अव्वांकडं पाहिलं, मग वजनांकडं, मग तिच्याकडं. आयुष्यभर त्यानं खोटं माप पुकारलं नव्हतं. छाती भरून तो ओरडला, "ब्याऐंशी!"

"हर हर महादेव!" देवळाचे स्वामी घाईनं म्हणाले. त्यांचा उपवास होता, आणि गूळ समोर होता.

परतताना जीपमध्ये अव्वांनी लोखंडी वजनं मांडीवर घेतली होती. औशाजवळ म्हणाल्या, "मंजीला पुढचं शिक्षण करायचं हाय म्हणं. देवाला बोलावं म्हणते…"

"बोला की," नीलम्मा म्हणाली. "नवस बोला, अव्वा. वजन बोलू नका."

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या एसटीनं नांदेडला निघाली. प्रसाद नातीच्या हातात मीच देणार म्हणून अव्वाही बसल्या. वसतिगृहात नीलम्मा पहिला मजला चढली. दुसरा चढली. गुडघा कुरकुरला. तिनं त्याला ऐकून घेतलं, क्षणभर कठड्याला धरून उभी राहिली आणि पुढची पायरी घेतली. रेणुकानं तिला ओळखलं आणि धावत खुर्ची आणली.

"बसा मावशी, बसा."

"ठेवा तिथंच," वर चढत चढत नीलम्मा म्हणाली. "मागून आमच्या अव्वा येऊन राहिल्यात."