झाकलेले ओठ

वृंदाने टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. टेपबरोबर आपले ओठ हलले तरी ते मुलाला दिसता कामा नयेत, त्याने ओठ वाचून नव्हे तर ऐकूनच शब्द ओळखावा, असं दवाखान्यातल्या बाईंनी तिला बजावलं होतं. टेपवर तिचाच आवाज होता. घरात मराठी बोलता ना, मग शब्दही मराठीच भरा, असं बाईंनीच सुचवलं होतं.

"घर," टेप म्हणाली.

छातीवरच्या श्रवणयंत्राचा आवाज वाढवत प्रमोदने डोळे मिटले. "घल," तो म्हणाला. सतरा वर्षांच्या मुलाने मिशी फुटलेल्या तोंडाने बोबडं बोलावं, याची वृंदाला अजून सवय झाली नव्हती.

प्रमोदच्या कानांचा दोष रक्तातूनच आलाय, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा नवऱ्याने तिला शब्दानेही दुखवलं नव्हतं. पण तिला आपला बहिरा-मुका दत्तात्रयमामा आठवला होता. धाकट्या लीनाचे कान तेव्हाच तपासून घेतले होते. ते चांगले निघाले, म्हणून तिने कालीघाटच्या देवळात जाऊन देवीची ओटी भरली होती.

हल्ली टेप लागली की लीना शेजारी खेळायला पळायची. आज मात्र प्रमोदने तिचा हात धरून तिला समोर बसवलं.

"आता ही," तो म्हणाला.

"तिला कशाला रे?" वृंदा वळून म्हणाली.

इतक्या दिवसांत टेपवरचे शब्द प्रमोदला क्रमाने पाठ झाले होते. त्याने बटण दाबलं आणि बहिणीकडे बघत, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी भलताच शब्द म्हटला.

"गाडी," टेप खणखणीत म्हणाली.

"फूल!" लीना म्हणाली.

वृंदा हसणार होती. पण प्रमोद हसत नव्हता. त्याने पुन्हा ओठ हलवले.

"विहीर," टेप म्हणाली.

"आंबा," लीना म्हणाली. या वेळी तिचा आवाज खाली आला होता.

वृंदाने टेप बंद केली. खाली रस्त्यावर बेहालाला जाणारी ट्राम घंटा वाजवत गेली, आणि लीनाने मानही वळवली नाही.

पोरीच्या कानावर जाऊ नये म्हणून वृंदाने आवाज न काढता, फक्त ओठांनी प्रमोदला विचारलं, "कधीपासून?"

प्रमोदने मान खाली घातली.

"दुर्गापूजेपासून, आई," लीनाच म्हणाली. "बाबांना सांगू नकोस हं."