समोरासमोरचे बोल्ट

रॉकेटचा खालचा भाग इकडे घडायचा, वरचा दर्यापल्याड. आणि दोघांची गाठ पडायची ती या दालनात, माणसाहून रुंद अशा एका कड्यावर. कड्याचे बोल्ट समोरासमोर आवळायचे. एक इकडून, की लगेच एक तिकडून. कुणी घाई केली की कडं रुसलंच, तिरकं बसायचं.

पहिल्या रॉकेटला जोडारीण ताई नवखी होती. समोरचा परदेशी जोडारी तिच्या बापाच्या वयाचा. एकमेकांच्या भाषेच्या नावानं दोघांची पाटी कोरी. मग तिनं आईची अंगाई धरली, 'उगी उगी बाळा, चंद्र वाट चुकला,' आणि ओळ संपता संपता पाना ओढला. पलीकडून त्याच्या बोलीतली ओळ आली, त्याचा पाना फिरला. पुढे गिऱ्हाइकांचे कितीतरी उपग्रह आभाळात पोचले, पण दर रॉकेटची गाठ गाण्यावरच बसली. तो सगळ्यांचा काका झाला, मोडकीतोडकी तिची भाषाही शिकला.

आता भागीदारी मोडली होती. दोन्ही देश आपापली चूल मांडणार. हे शेवटचं कडं. निवृत्त काका मुद्दाम आला होता, पण पाहुण्याला आत मज्जाव. काचेपलीकडे टोपी मांडीवर घेऊन बसला. त्याच्या जागी नवा, चटपटीत गडी. ताई त्याला 'जावईबापू' म्हणे.

ताईनं ओळ म्हटली, पाना ओढला आणि सवयीनं थांबली. उत्तर आलंच नाही. तेवढ्यात जावईबापूंनी दोन बोल्ट आवळलेसुद्धा. कड्याचा तिरकेपणा दाखवणाऱ्या मापकाचा काटा थरथरला.

"सैल करा सगळे बोल्ट!" देखरेखीचे साहेब वैतागले. "ताई, अंगाईनं तुम्हीच झोपलात की काय?"

"माझंच चुकलं. कान काकाकडे लागलेत. त्यांना माइक द्या ना. माणूस नको आत, आवाज तर येऊ दे."

"इथे काय मैफल भरवायचीय?"

"पुन्हा तिरकं बसलं तर?"

साहेबांनी माइक पाठवला. काका खाकरला. ओळीला ओळ मिळाली, जावईबापूंचा हातही तालावर आला. काटा जागचा हलेना.

"काका," दोन बोल्ट उरले तेव्हा ताई म्हणाली, "तुमच्या गाण्याचा अर्थ काय हो?"

"भाजीवालीशी भांडण. कांदे सडके दिले तिनं."

"अगंबाई! आणि मी त्यावर बाळ निजवत होते?"

"निजलं असतं, तर उडालं असतं का?"

हसता हसता ताईनं आपला बोल्ट आवळला. शेवटचा पलीकडचा. काकानं ओळ धरली आणि लांबवली, लांबवली. जावईबापू पाना धरून तसेच उभे राहिले. घाई कुणीच केली नाही, साहेबांनीसुद्धा.