उजव्या भिंतीला टेकलेला डोंगर

मी हिस्टोग्राम बोलतोय. फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये वरच्या कोपऱ्यात माझी चौकट असते. दिसायला मी डोंगरासारखा. डाव्या टोकाला काळोख, उजव्या टोकाला उजेड. फोटोत ज्या छटेचे ठिपके जास्त, तिथे माझी उंची जास्त. डोंगर उजव्या भिंतीला चिकटला, की समजावं, काहीतरी पांढरंफटक होऊन पुसलं गेलं. खोटं मी कधी बोललो नाही.

या स्टुडिओत मला मालकांच्या मुलीने आणलं.

"बाबा, डोळे फसवतात. हा डोंगर बघत जा."

"चाळीस वर्षं डोळ्यांवरच पोट भरलंय," मालक म्हणाले आणि त्यांनी माझी चौकट मिटली.

डोळ्यांत मोतीबिंदू होता. चांगला फोटोही त्यांना अंधारा दिसे, मग ते उजेड वाढवत. गिऱ्हाईक म्हणे, "अहो, मी काय चुन्याच्या डब्यात पडलो होतो?"

"फुकटात गोरे झालात, वर तक्रार!" मालक त्यालाच सुनावत.

मग मुलगी नोकरीसाठी परदेशी निघाली. फोटो काढून घ्यायचा तिला कंटाळा. खांद्यावर बॅग घेऊन दारात उभी राहिली. एकच फोटो काढू दिला.

ती गेल्यावर मालकांनी तो उघडला. चेहरा नीट दिसेना. उजेड वाढवला. आणखी वाढवला. मिटल्या चौकटीत मी भिंतीवर डोकं आपटत होतो. मालकांनी मूळ फोटोवरच सेव्ह केलं आणि पुढच्या कामासाठी कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं.

चार महिन्यांनी डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तशी त्यांनी आधी तोच फोटो उघडला. बॅग होती, दार होतं. चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग.

तेव्हा त्यांनी मला स्वतः उघडलं. उजेड कमी केला. पांढऱ्याचं करडं झालं, पण नाक-डोळे परत आले नाहीत. काळोखात राहिलेलं पुष्कळ काही मागे आणता येतं. असं पांढऱ्यात पुसलेलं मात्र येत नाही.

त्यांनी फोन लावला.

"तुझा डोंगर बरोबर होता."

"काय बिघडवलंत, बाबा?"

"ये एकदा. फोटो काढायचाय."

"आत्ता पाठवते की फोनवर!"

"नको. दारात उभी राहा. मी काढतो."

तिला सुट्टी कधी मिळेल, ठाऊक नाही. मालक रोज सकाळी रिकाम्या दाराचा फोटो काढतात आणि आधी माझ्याकडे बघतात. मी दोन्ही भिंतींपासून लांब, मधोमध उभा असतो.

उजेड बरोबर आहे, ताई. या आता.