न्हाणीघरामागचं झाड

रोपवाटिकेच्या घरात जन्माला येऊन मला वसंत सोसत नाही, यावर गावात आजवर भरपूर हसून झालंय. समोरचा डोंगर देवदारांनी भरलेला आहे. थंडी सरली की त्यांच्या परागांचा पिवळा धुरळा खाली उतरतो आणि माझ्या शिंका सुरू होतात. नाक चोंदलेलं, डोळे गळके, तोंडावर मास्क. नेमकी तेव्हाच मागच्या उतारावरची आमची चेरीची झाडं एकापाठोपाठ एक फुलू लागतात, आणि मला त्यांतली निम्मीही ओळखता येत नाहीत. आईने माझा नाद केव्हाच सोडला.

त्यामुळे यंदा तिने जे ठरवलं त्यात मी नव्हतोच. आमच्या घरात कलमं बायका बांधतात आणि झाडांच्या नावांच्या पाट्या पुरुष लिहितात. आईचा हात आता थरथरतो. चहाचा पेला ती कसाबसा धरते, पण कलमाची सुरी धरवत नाही. काप जरा वाकडा गेला की फांदी वाया. कळ्या धरायच्या आधीच तिने सगळ्या झाडांच्या पाट्या उतरवून फडताळात बंद केल्या आणि माझ्या बायकोला समोर बसवलं.

"चिगुसा, प्रत्येक झाडापुढं उभं राहून त्याचं नाव सांगायचं. पहिली पाकळी गळायच्या आत, आणि एकदाच. सगळी बरोबर आली तर सुरी तुझी. नाहीतर हा उतार खालच्या मोरियासूंना देऊन टाकते. ते कधीचे मागतायत."

"एखादंच चुकलं तर?"

"मोरियासू माणूस चांगला आहे," आई म्हणाली.

चिगुसा ओसाकाची. लग्नाआधी दातांच्या कवळ्या बनवायची. पहिल्या भेटीत तिने माझ्या तोंडाकडे ज्या एकटक नजरेनं पाहिलं, ते मला प्रेम वाटलं होतं. माझी वरची दाढ वाकडी आहे हे नंतर कळलं. नोकरी सोडून ती इथे आली आणि आईच्या मागेमागे उतारावर फिरू लागली. ती सुरी तिला किती हवी होती ते मला माहीत होतं. "या घरात पाहुणी म्हणून म्हातारी व्हायचं नाही मला," असं ती एकदा म्हणाली होती, आणि ते काही सहज म्हणालेली नव्हती.

पहिलं झाड एदोहिगान. बारीक फिकी गुलाबी फुलं, अजून पानाचा पत्ता नाही. चिगुसाने एक फूल उलटं केलं, पाकळ्यांखालचा लोट्यासारखा फुगीर भाग बघितला आणि नाव सांगितलं. आई काही बोलली नाही, म्हणजे बरोबर होतं. मग सोमेइयोशिनो उमललं. चिगुसाने चालता चालताच नाव टाकलं, तर आई म्हणाली, "ते तर बसच्या ड्रायव्हरलाही येतं." पांढऱ्याशुभ्र ओशिमाचं कोवळं पान चुरडून तिने माझ्या नाकाशी धरलं. भाताच्या गोड लाडवाला आपण जे पान गुंडाळतो त्याचाच वास, असं ती म्हणाली. मला काहीच आला नाही.

हिरव्या फुलांच्या दोन झाडांशी मात्र ती अडली. शेजारी शेजारी उभी आहेत, आणि लांबून बघणाऱ्याला ती एकाच आईची लेकरं वाटतील. एकाची पाकळी हळद कालवलेल्या दुधासारखी. त्याला तिने उकोन म्हटलं. उकोन म्हणजे हळदच. दुसरं जास्त हिरवं होतं, पण तिने तोंड उघडलं नाही. रोज सकाळी जायची, बघायची, परत यायची.

"पाकळी गळायची वाट बघतेस की काय?" आईने भाताचं भांडं खाली ठेवत विचारलं.

"फूल जरा जून होऊ दे, आई. आत्ता विचारलं तर ते खोटंही बोलेल."

रात्री जरा वारा आला की मी उठून बसायचो. शेवटी एका सकाळी त्या हिरव्या पाकळ्यांवर बुडापासून लाल रेघा चढलेल्या दिसल्या. "ग्योइको," चिगुसा म्हणाली, आणि दुपारपर्यंत पहिली पाकळी खाली आली. आई नुसतं "हं" म्हणाली. तिच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी तरी ऐकलेली नाही.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी माझ्या बायकोच्या नव्याने प्रेमात पडलो. मी ज्या उताराला लहानपणापासून नुसता गुलाबी ढीग समजत आलो, तिथे तिला प्रत्येकाचा चेहरा वेगळा दिसत होता. इचियोच्या फुलात मधोमध जिथे दोऱ्यासारखा बारीक स्त्रीकेसर असायला हवा, तिथे एक चिमुकलं हिरवं पान असतं, हे तिने मला माझ्याच झाडावर दाखवलं. इतकी वर्षं ते पान तिथेच होतं आणि मी शिंकत होतो.

मे उजाडला. उतार पानांनी भरला. राहिलं एकच झाड, जुन्या न्हाणीघरामागचं, सगळ्यांत उशिरा फुलणारं. भरगच्च फिक्या गुलाबी फुलांत मधोमध दोन हिरवी पानं, बाहेर वळलेली, हत्तीच्या सुळ्यांसारखी. ही तर फुगेन्झोची खूण. माझ्या आजोबांच्या हातची तशी पाटीही मी लहानपणी वाचली होती.

"उद्या सकाळी सांगून टाकते," चिगुसा जेवताना हळूच म्हणाली. आई स्वयंपाकघरात होती. "सोपं निघालं शेवटचं."

त्या न्हाणीघरात आता मीच तेवढा जातो. त्या दोघी नव्या बाथरूममध्ये. मी टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणालो, "मला तेच झाड आवडतं. ते फुलेपर्यंत देवदारांचा उच्छाद संपलेला असतो. खिडकी उघडून पाण्यात बसलं की काय वास येतो."

चिगुसाच्या हातातल्या जेवणाच्या काड्या हवेतच थांबल्या. "कसला वास?"

"फुलांचा. चेरीला येतो तसा."

"तामोत्सु, तुला चेरीचा वास कसा असतो ते ठाऊक तरी आहे का?"

नव्हतं. मला आयुष्यात त्या एकाच झाडाचा वास आला होता आणि सगळ्यांचा तसाच असतो असं मी धरून चाललो होतो. ती तशीच उठली, न्हाणीघरात गेली, कपड्यांनिशी टबाच्या कडेवर चढून खिडकीबाहेर मान काढली आणि बराच वेळ परत आली नाही. रात्रभर तिला झोप नव्हती.

सकाळी आई झाडापुढं स्टुलावर बसली होती. चिगुसा समोर उभी राहिली.

"आई, हे फुगेन्झो नाही."

"मग काय आहे?"

"ठाऊक नाही."

"नाव सांगायचं ठरलं होतं."

"ठरलं होतं. पानं दोन आहेत, वळलेलीही आहेत. पण फुगेन्झोला वास नसतो, याला आहे. असं दुसरं झाड मी पाहिलेलं नाही. उगाच एखादं नाव ठोकून द्यायचं मला जमणार नाही. आणि वास मी ओळखला नाही, तो ह्यानं सांगितला."

आईने माझ्याकडे पाहिलं. "याच्या नाकाचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला," ती म्हणाली. मग एप्रनच्या खिशातून तिने आजोबांची ती पाटी काढली आणि मांडीवर ठेवली. मला वाटलं, संपलं. उतार मोरियासूंचा झाला.

"मी या घरात आले तेव्हा सुनेची आंघोळ सगळ्यांच्या शेवटी असायची," आई म्हणाली. "पाणी कोमट झालेलं, वर कुणाकुणाचे केस. खिडकी उघडली की हा वास यायचा. दिवसभरात तेवढंच काय ते माझं. फुगेन्झो नाही हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. मग सासूबाईंनी परीक्षा घेतली. सासरे ही पाटी हातात घेऊन इथंच उभे होते. मी फुगेन्झो म्हणाले."

तिने मांडीवरची पाटी पालथी केली.

"सुरी मिळाली. आयुष्यभर त्या सुरीनं कलमं बांधली, चांगली बांधली. पण या झाडाला ती कधी लावली नाही. खोट्या नावानं वाढवायचं नव्हतं, आणि खरं सांगायची हिंमत नव्हती." तिने कमरेची सुरी सोडली आणि चिगुसापुढे धरली. "घे. थंडीत याचं पहिलं कलम बांध. झाड म्हातारं झालंय."

चिगुसाने दोन्ही हातांनी सुरी घेतली, वाकली, आणि वाकलेलीच राहिली. तिच्या नाकाचं टोक लाल झालं होतं.

"पण आई, याला म्हणायचं काय?"

"मला काय विचारतेस? सुरी तुझ्याकडे आहे."

चिगुसाने डोळे पुसले, न्हाणीघराच्या त्या छोट्या खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळली. "कोरी पाटी आण. शिमाइयु लिही."

शिमाइयु म्हणजे घरातल्या सगळ्यांची झाल्यावरची ती शेवटची आंघोळ. मी पाटी आणि कुंचला घेऊन आलो, न्हाणीघराच्या पायरीवर बसलो. आई स्टुलावरून उठली नव्हती. तिने चेहरा झाडाकडे फिरवला होता, त्यामुळे मला तिची पाठच दिसत होती.

"अक्षर नीट काढ रे," ती म्हणाली.